सत्तर टक्क्यांना तीस गुण

नच्याचं म्हणणं सरळ होतं. बाई युरोपच्या गाण्याच्या स्पर्धेत तिसरी आली ना? मग तिला निवडून पाठवणारे पंच बरोबर होते. विषय संपला.

नच्या ‘विषय संपला’ म्हणाला की आमच्याकडे विषय सुरू होतो. डोंबिवली पूर्वेला नाक्यावर झेरॉक्सचं एक दुकान कधीचं बंद पडलंय, त्याच्या पायऱ्या आमच्या. बाजूला चहावाला. नच्या दिवसभर मेक्सिको-कोलंबियाच्या विम्याची कागदपत्रं स्पॅनिशमधून इंग्रजीत करतो, त्यामुळे स्पॅनिशमधलं काहीही त्याला घरचं कार्य वाटतं. प्राजक्ता कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. सावियो म्हापशाचा, नोकरीपायी इथे येऊन पडलेला. आणि सावंतकाका, मूळ कुडाळचे, रेल्वेतून निवृत्त, भजनस्पर्धांना परीक्षक म्हणून अजून बोलावणं येतं त्यांना. मी बहुतेक वेळा ऐकतो आणि मग घरी जाऊन हे असं लिहितो.

बाई म्हणजे शनेल तेर्रेरो. जन्म हवानाचा, वाढली बार्सिलोनाजवळच्या ओलेसा दे मोन्सेर्रातमध्ये, आयुष्य गेलं संगीत नाटकांत गाण्या-नाचण्यात. २०२२ च्या मे महिन्यात ती ‘स्लोमो’ नावाचं गाणं घेऊन स्पेनतर्फे तुरिनला युरोव्हिजनमध्ये उतरली आणि तिसरी आली. ४५९ गुण. त्याआधी स्पेनला इतके गुण कधीच मिळाले नव्हते, आणि इतका वरचा नंबर १९९५ नंतर लागला नव्हता.

“थांब रे झिला,” काका म्हणाले. “आधी स्पर्धा काय ती नीट सांग. नुसती नावं नको फेकू.”

“काका, १९५६ पासून चाललीये. युरोपातल्या देशांच्या सार्वजनिक टीव्ही कंपन्या मिळून भरवतात. प्रत्येकीने एक गाणं पाठवायचं.”

“म्हणजे आपल्या दूरदर्शननं एक गाणं पाठवायचं.”

“तसंच. गाणं तीन मिनिटांच्या आत, मुख्य गायकाने प्रत्यक्ष गायचं, स्टेजवर सहापेक्षा जास्त माणसं नकोत. फायनलला प्रत्येक देशाचे तज्ज्ञ अर्धे गुण देतात, प्रेक्षक अर्धे. आणि आपल्याच देशाला मत द्यायचं नाही.”

“हा शेवटचा नियम आपल्याकडं आणला तर अर्ध्या स्पर्धा बंद पडतील,” काका म्हणाले आणि चहा मागवला.

भांडण तुरिनचं नव्हतंच. भांडण होतं त्याच्या साडेतीन महिने आधीचं, बेनिदोर्मचं. भूमध्य समुद्राकाठचं उंचच उंच हॉटेलांचं हे सुट्टीचं गाव. २०२१ पर्यंत स्पेनची युरोव्हिजनमधली अवस्था इतकी केविलवाणी झाली होती की बोलायची सोय नव्हती. २०१५ पासून एकदाही पहिल्या वीसांत नाही. तेव्हा आरटीव्हीईने, म्हणजे त्यांच्या दूरदर्शनने, ठरवलं की आता निवड थाटात करू. बेनिदोर्म फेस्ट भरवला. २९ जानेवारी २०२२ ला अंतिम फेरी, आठ गाणी. त्यातली तीन महत्त्वाची: शनेलचं ‘स्लोमो’, रिगोबेर्ता बान्दिनी या गायिकेचं आईपणावरचं एक गाणं, आणि तान्शुगेइरास या तिघींचं ‘तेर्रा’. या तिघी गालिसियाच्या. स्पेनच्या वायव्य टोकाचा, पोर्तुगालच्या डोक्यावर बसलेला पावसाळी मुलूख. दोघी जुळ्या बहिणी, तिसरी मैत्रीण, हातात खंजिरी, आणि गाणं गालिसियनमध्ये.

“आणि लोकांनी कोणाला निवडलं?” प्राजक्ताने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. ती वर्गातही असंच करत असणार.

नच्या गप्प.

“मी सांगते. प्रेक्षकांच्या मतांपैकी ७०.७५ टक्के तान्शुगेइरासला. १८.०८ टक्के बान्दिनीला. आणि तुझ्या शनेलला ३.९७ टक्के. आणि जिंकलं कोण? शनेल. ९६ गुण. बान्दिनी ९१, तान्शुगेइरास ९०.”

काकांनी कप खाली ठेवला. “चार टक्केवाली जिंकली?”

“चारसुद्धा पूर्ण नाहीत, काका.”

“मग हिशेब करणाऱ्याला धरा.”

प्राजक्ताने हिशेब सांगितला, आणि मला वाटतं त्या संध्याकाळी खरं काही कळलं असेल तर ते इथेच. निम्मे गुण तज्ज्ञ पंचांचे. पाव हिस्सा घरी बसून फोन-मेसेज करणाऱ्या प्रेक्षकांचा. उरलेला पाव हिस्सा ‘नमुना पंचां’चा, म्हणजे वय, प्रदेश वगैरे बघून देशभरातून निवडलेल्या साध्या माणसांच्या गटाचा. इथपर्यंत ठीक. पण प्रेक्षकांची मतं जशीच्या तशी गुणांत बदलत नव्हती. आधी नंबर लावायचे, मग नंबराप्रमाणे गुण. पहिल्याला तीस, दुसऱ्याला पंचवीस, तिसऱ्याला वीस. सत्तर टक्के मिळवणाऱ्यांना तीस, चार टक्केवाली तिसरी आली म्हणून तिला वीस.

“म्हणजे सहासष्ट टक्क्यांचा फरक दहा गुणांवर आला,” ती म्हणाली. “उद्या एखाद्याला नव्वद टक्के मतं पडली असती तरी तीसच. पंचांच्या रकान्यात मात्र शनेलला ५१ आणि तान्शुगेइरासला ३०. तिथं एकवीसचा फरक. लोकांना ओरडायला परवानगी दिली, पण आवाज किती चढू द्यायचा ते आधीच ठरवून ठेवलं.”

काका याला सहजासहजी बधणार नव्हते. आयुष्यभर पंचगिरी केलेला माणूस. “फोनची मतं म्हणजे मतं नव्हेत. एकाच घरातून वीस फोन जातात. आणि गालिसियाचं गाणं आहे म्हटल्यावर अख्खं गालिसिया उठून बसलं असणार. आमच्या तालुक्यातला पोरगा टीव्हीवर गायला बसला होता तेव्हा गावात देवळाच्या लाऊडस्पीकरवरून सांगत होते, मेसेज करा म्हणून. त्यात गाणं कुठं होतं?”

मुद्दा खरा होता. मराठी चॅनेलवरच्या त्या एसएमएसच्या दिवसांत आपण सगळ्यांनीच हे केलंय.

“म्हणून तर तो नमुना गट ठेवला होता, काका,” प्राजक्ता शांतपणे म्हणाली. “तिथं गालिसियाला तिच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं नव्हती. तिथंही पहिल्या तान्शुगेइरासच. पूर्ण तीस.”

“आणि दुसरी कोण?” नच्या.

“शनेल.”

“हां! हे सांग ना. नमुन्यातल्या साध्या माणसांना शनेल दुसऱ्या नंबरची आवडली होती. म्हणजे चार टक्के, चार टक्के करून जे तुम्ही ओरडताय, तो आकडा फोन उचलणाऱ्यांचा आहे, देशाचा नाही.”

प्राजक्ताने हे मान्य केलं. ती मान्य करते, म्हणून तिच्याशी भांडायला मजा येते. नच्या कधीच करत नाही, म्हणून त्याच्याशीही येते.

पुढे काय झालं ते स्पेनच्या वर्तमानपत्रांत भरभरून आलं होतं. संसदेत पक्षांनी प्रश्न विचारले, कामगार संघटनेने खुलासा मागितला. पंचांतल्या एका नृत्यदिग्दर्शिकेने पूर्वी शनेलबरोबर काम केलं होतं, हेही बाहेर आलं. आणि शनेलवर इंटरनेटवर इतकी घाण टाकली गेली की तिने ट्विटरचं खातं बंद केलं. तिने केलं काय होतं? गाणं म्हटलं होतं. नियम तिने लिहिले नव्हते, पंच तिने नेमले नव्हते. तान्शुगेइरास आणि बान्दिनी दोघींनीही तिची बाजू घेतली, हे त्यांच्या चाहत्यांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं याचं लक्षण. या बाबतीत कट्ट्यावर दुमत नव्हतं, म्हणून यावर आम्ही फार बोललोही नाही.

त्या नृत्यदिग्दर्शिकेच्या मुद्द्यावर मात्र काका अडचणीत आले.

“काका, तुमच्या शिष्याचं मंडळ स्पर्धेत असलं की तुम्ही काय करता?” प्राजक्ता.

“उठून बाजूला बसतो. त्या मंडळाला गुण देत नाही. आयोजकांना आधीच लिहून देतो.”

“मग?”

काकांनी जरा वेळ घेतला. “त्यांच्याकडं या धंद्यात माणसं मोजकी असतील. जो नाच बसवतो त्यानं सगळ्यांबरोबरच काम केलेलं असतं. आमच्याकडं पखवाजवाले दहा मंडळांना वाजवतात.” मग स्वतःच म्हणाले, “पण बाजूला बसायला हवं होतं. ते खरं.”

नच्याला वाटलं आता पारडं फिरतंय. त्याने मूळ मुद्दा पुन्हा काढला. “हे सगळं ठीक. पण पंच कशासाठी होते? युरोपात काय चालेल ते ओळखण्यासाठी. त्यांनी ओळखलं. बुलफायटरच्या जाकिटावरून बेतलेला खड्यांनी चमकणारा पोशाख, पाच नाचणारे, मधला तो नाचाचा तुकडा, आणि इतकं नाचूनही सूर हललेला नाही. तुरिनमध्ये तज्ज्ञांकडून २३१, लोकांकडून २२८. म्हणजे दोघांनाही सारखीच आवडली. घरी शिव्या घालणारे लगेच हार घेऊन उभे होते. यापेक्षा मोठा पुरावा कुठला?”

इथे मी तोंड उघडलं, कारण मला हे पहिल्यापासून खटकत होतं. शनेल चांगली होती याचा हा पुरावा आहे. तान्शुगेइरास वाईट ठरल्या असत्या याचा हा पुरावा कसा? त्या गेल्याच नाहीत. ज्याला मैदानात उतरवलंच नाही त्याच्या खात्यावर पराभव कसा मांडायचा?

“आणि पंचांना युरोप कळतो म्हणतोस, तर २०१७ चं बोल,” प्राजक्ताने जोड दिली.

२०१७ ची गोष्ट नच्याला सांगावी लागली, आणि ती त्याने दात काढल्यासारखी सांगितली. तेव्हा बेनिदोर्म नव्हतं, निवडीचा साधा कार्यक्रम होता. प्रेक्षकांची पहिली पसंती मिरेला नावाची गायिका. पंचांचा कल मानेल नावार्रो या पोराकडे. गुण बरोबरीत सुटले, आणि बरोबरी फोडायचं काम पंचांकडे आलं. त्यांनी मानेलला पाठवलं. पोरगा कीवमध्ये ऐन फायनलला वरच्या सुरावर फाटला. सव्वीसपैकी सव्विसावा. पाच गुण, तेही सगळे शेजारच्या पोर्तुगालच्या प्रेक्षकांनी दिलेले.

“आमच्या लोकांनी!” सावियो इतक्या वेळाने पहिल्यांदा बोलला. “दया आली असेल मरे.”

“पोर्तुगाल तुझे लोक कधीपासून?”

“तू विम्याचे कागद वाचून स्पेनचा होतोस, मग मी का नाही?”

“बरं, लोकांवर सोडलं की काय होतं तेही ऐक,” नच्या उसळला. “२००८. निवड लोकांच्या हातात दिली. लोकांनी कोणाला पाठवलं? रोदोल्फो चिकिलिकुआत्रे! असा माणूसच नाही. टीव्हीवरच्या एका विनोदी नटाने केलेलं सोंग. डोक्यावर टोप, हातात खेळण्यातली गिटार. देशाचा प्रतिनिधी म्हणून हे ध्यान बेलग्रेडला गेलं.”

“मग कितवा आला?” काकांनी विचारलं.

नच्या कपाकडे बघत म्हणाला, “सोळावा.”

एक क्षण कोणाला कळलं नाही. मग प्राजक्ता हसायला लागली ती थांबेचना. लोकांनी थट्टा म्हणून पाठवलेलं सोंग सोळावं, आणि पंचांनी गंभीरपणे निवडलेला पोरगा सव्विसावा. चहावाल्याने मान वळवून बघितलं, काय झालं म्हणून.

“पण एक बोलू?” सावियो म्हणाला. “तुम्ही सगळे गुण मोजताय. मला वाटतं गोष्ट भाषेची आहे. मी ते ‘तेर्रा’ माझ्या आजीला ऐकवलं होतं. ती म्हापशात पोर्तुगीज शाळेत शिकलेली. तिला निम्मं-अधिक समजलं. म्हणाली, ही आपलीच पोर्तुगीज, फक्त गावाकडची.” गालिसियन आणि पोर्तुगीज मध्ययुगात एकच भाषा होती, त्यामुळे आजींचं काही चुकलं नव्हतं. “आणि त्या पोरी गाण्यात एक ओळ स्पेनच्या पाच भाषांत म्हणतात. गालिसियन, कातालान, बास्क, आस्तुरियन, आणि तुझी स्पॅनिशपण. सीमा नाहीत अशा अर्थाची. त्यांनी स्पॅनिशला बाहेर नाही ठेवलं. स्पेनने मात्र त्यांना ठेवलं. १९६१ पासून हा देश स्पर्धेत आहे. एकदा तरी गालिसियन, बास्क किंवा कातालानमधलं गाणं पाठवलंय?”

“नाही,” नच्या म्हणाला. तेवढा तो प्रामाणिक आहे.

“एकदा तशी वेळ आली होती,” मी म्हणालो.

ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९६८. स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही. टीव्हीने जुआन मानुएल सेर्रात या बार्सिलोनाच्या तरुण गायकाला निवडलं. गाण्याचं नाव ‘ला ला ला’, लिहिणारी जोडीही बार्सिलोनाचीच. सेर्रात कातालानमध्ये, म्हणजे बार्सिलोनाकडच्या भाषेत, गाणाऱ्या नव्या पिढीतला मोठा गायक. सगळं ठरलं, आणि स्पर्धा दोन आठवड्यांवर आलेली असताना त्याने जाहीर केलं की गाईन तर कातालानमध्ये गाईन. टीव्हीने ऐकलं नाही. त्याला काढलं, आणि पुढे त्याच्यावर टीव्हीची दारंही बंद झाली. मग मेक्सिकोच्या दौऱ्यावर असलेल्या मासिएल या गायिकेला तातडीने बोलावून घेतलं. तिने काही दिवसांत गाणं बसवलं, लंडनला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्पॅनिशमध्ये म्हटलं, आणि जिंकली. २९ गुण. दुसरा आला ब्रिटनचा क्लिफ रिचर्ड, २८. स्पेनचं ते पहिलंच विजेतेपद. पुढच्या वर्षी माद्रिदला पुन्हा जिंकले, पण तेव्हा चार देश बरोबरीत पहिले आले होते. एकट्याने जिंकलेलं हे एकच.

“आणि त्या गाण्यात ‘ला’ किती वेळा येतं माहितीये?” नच्या म्हणाला. “१३८ वेळा.”

काका खो खो हसले. “मग कातालानमध्ये म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? ‘ला’ तो ‘ला’च!”

“म्हणूनच तर,” सावियो म्हणाला. “ज्या गाण्यात भाषा नावालाच, तिथेसुद्धा सरकारला ती सहन झाली नाही. आणि बघ, पुन्हा तेच होतं. दुसऱ्या भाषेतला गाणारा बाजूला, स्पॅनिशमधली बाई आत, आणि बाई नंबर आणते. नंबर आला की लोक म्हणतात, बघा, बरोबर केलं. १९६८ ला तर पहिला नंबर आला. मग सेर्रातला काढलं ते बरोबर होतं?”

नच्या चटकन काही बोलला नाही. मला वाटतं सावियोचा वार वर्मी बसला होता. पण न्यायाने सांगायचं तर दोन्ही गोष्टी एक नव्हेत. १९६८ ला हुकूमशहाच्या टीव्हीने माणूस काढला. २०२२ ला लोकशाहीतल्या टीव्हीने तीन स्त्रियांना देशभर दाखवलं, त्यांच्या भाषेत गाऊ दिलं, आणि त्या गुणांत हरल्या. गुणांची पद्धत बेंगरूळ होती, पण बंदी आणि बेंगरूळ पद्धत यांत अंतर आहे. सावियोला हे मी तिथेच म्हटलं. त्याने खांदे उडवले.

मग नच्याने हुकमाचा पत्ता टाकला.

“बरं. भाषेचंच बोलू. आन्दोरा माहितीये? स्पेन-फ्रान्सच्या मधला डोंगरातला चिमुकला देश. तिथली राजभाषा कातालान. २००४ ते २००९, सहा वर्षं त्यांनी स्पर्धेत भाग घेतला. कातालान पाठवली. एकदाही फायनल नाही. आणि दुसरं. तुरिनची तीच रात्र, तोच मंच. फ्रान्सने काय पाठवलं होतं? ब्रेतोन भाषेतलं गाणं. ब्रिटनी प्रांताची भाषा, बोलणारे कमी होत चाललेत. लोकसंगीत आणि वर इलेक्ट्रॉनिक ठोके. गाणाऱ्या तीन मुली. ऐकतोयस ना सावियो? तीन मुली, प्रांताची भाषा, लोकसंगीत. तुझ्या तान्शुगेइरासच्या मावसबहिणीच समज. पंचवीसपैकी चोविसाव्या. १७ गुण.”

खरंच हुकमाचा पत्ता होता. मी म्हणालो होतो ना, ज्यांना पाठवलंच नाही त्यांचा निकाल नसतो? नच्याने जवळजवळ तसाच निकाल शोधून आणून समोर ठेवला होता.

प्राजक्ता म्हणाली, एका उदाहरणाने काही ठरत नाही.

सावियो म्हणाला, “एकच कशाला, त्याच रात्रीचं दुसरं घे. जिंकलं कोण? युक्रेन. युक्रेनियन भाषा, लोकसंगीताचा पावा, वर रॅप. प्रेक्षकांकडून ४३९ गुण. इतके कोणालाच मिळाले नव्हते.”

“युद्ध चालू होतं, बाबा. लोकांनी देशाला मतं दिली.”

“बरं, मग त्याच्या आदल्या वर्षीचं. रॉटरडॅम. पहिला इटली, इटालियनमध्ये. दुसरा फ्रान्स, फ्रेंचमध्ये. तिसरा स्वित्झर्लंड, तोही फ्रेंचमध्ये. इंग्रजी कुठाय? आणि २०१७, तुझा पोरगा सव्विसावा आला त्याच रात्री जिंकलं कोण? पोर्तुगाल! साल्वादोर सोब्राल. बहिणीने लिहिलेलं गाणं, नाच नाही, आतषबाजी नाही, एकटा माणूस उभा राहून पोर्तुगीजमध्ये हळू आवाजात गातो. ७५८ गुण. लोकांकडे पहिला, तज्ज्ञांकडेही पहिला. १९६४ पासून जात होते, पहिल्यांदा जिंकले.” हे सांगताना सावियोचा चेहरा असा झाला होता की ट्रॉफी म्हापशातच ठेवली असावी.

“इटालियन, फ्रेंच, पोर्तुगीज या देशांच्या मोठ्या भाषा आहेत,” नच्या म्हणाला. “ब्रेतोनशी तुलना कशाला करतोस? आणि ‘स्लोमो’सुद्धा स्पॅनिशच आहे ना? इंग्रजी शब्द पेरलेत, मान्य. पण मी रोज ज्या कोलंबियावाल्यांशी फोनवर बोलतो ते असंच बोलतात. पुस्तकातली स्पॅनिश कोणी बोलत नाही.”

“मग स्पॅनिश जगात इतकी मोठी, तर स्पेन इतकं मागे का राहतं?” काका.

हा प्रश्न चांगला होता, आणि नच्याकडे त्याचं उत्तरही चांगलं होतं. स्पॅनिश बोलणारी बहुतेक माणसं अटलांटिकच्या पलीकडे राहतात. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना यांना त्या स्पर्धेत मतच नव्हतं. २०२३ पासून बाकीच्या जगाला इंटरनेटवरून मत देता येतं, पण सगळ्या जगाचं मिळून वजन एका देशाएवढं. स्वीडनला शेजारचे चार देश आहेत, स्पेनला पोर्तुगाल. जी भाषा अर्ध्या जगात ऐकू येते ती मतदानाच्या रात्री युरोपात एकटी पडते. शिवाय स्पेन मोठा वर्गणीदार देश असल्याने थेट फायनलला जायचा, उपांत्य फेरी खेळतच नसे. बाकीची बहुतेक गाणी प्रेक्षकांनी आधी स्पर्धेत ऐकलेली असायची, स्पेनचं मात्र २०२३ पर्यंत त्याच रात्री समोर यायचं.

“आम्हालाही मत देता येतं?” काकांना यातलं एवढंच आवडलं.

“कार्डवरून. पण कार्यक्रम आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू होतो, काका.”

“मग राहू दे.”

मला वाटलं आता उठायचं, पण नच्याकडे अजून एक होतं. २०२३. आदल्या वर्षी लोक मातीतलं गाणं, मातीतलं गाणं म्हणून ओरडले होते. तर स्पेनने ब्लांका पालोमाला पाठवलं. फ्लामेंकोच्या, म्हणजे दक्षिण स्पेनच्या लोकसंगीताच्या, ढंगातली अंगाई, टाळ्यांचा ठेका, गाणारी अस्सल. लिव्हरपूलला सतरावी. एकूण १०० गुण. “त्यातले लोकांचे किती? पाच! घ्या तुमचे लोक.”

“आणि तज्ज्ञांचे पंच्याण्णव,” प्राजक्ता म्हणाली.

हे ऐकून काका सरसावून बसले. त्यांच्या दृष्टीने दिवसातली ही पहिली चांगली बातमी. “बघा! गाणं कोणाला कळलं? पंचांना कळलं.”

“पण काका, तुम्ही आत्तापर्यंत म्हणत होता की पंच हवेत कारण लोकांना काय चालेल ते त्यांना कळतं. लिव्हरपूलला तर पंचांनी एक ऐकलं आणि लोकांनी दुसरंच.”

“मी असं म्हणालो नव्हतो. ते हा म्हणाला.” काकांनी नच्याकडे बोट केलं. “मी म्हणतो पंचानं चालेल-न चालेल बघूच नये. मी भजनाला बसतो तेव्हा समोरचं पब्लिक डोलतंय की नाही ते बघत नाही. सूर लागला का, बुवांनी अभंगाचा अर्थ सांभाळला का, पखवाज पुढं पळाला का, एवढंच. पब्लिक काय डोलेल याचा अंदाज बांधायला पंच कशाला हवा? तो सट्टेवाल्याचा धंदा.”

यावर नच्या आणि काका यांच्यात जुंपली, आणि ती मजेशीर होती, कारण दोघेही पंचांच्याच बाजूचे. नच्याचं म्हणणं, देशाचे पैसे खर्च करून बाहेर पाठवायचं तर जिंकणारं गाणं शोधायचं. काकांचं म्हणणं, मग त्याला पंच म्हणू नका, दलाल म्हणा. शनेलला पंचांनी निवडलं ते ती चोख होती म्हणून की ती खपेल म्हणून, यावर दोघांनी बराच वेळ एकमेकांना ऐकू दिलं नाही.

२०२४ आणि २०२५ मध्ये स्पेन अनुक्रमे बाविसावा आणि चोविसावा आला. त्यावर कोणी काही बोललं नाही. त्या दोन्ही वर्षी कोणाच्या बाजूचं काहीच सिद्ध होत नव्हतं.

“आता कसला वाद घालताय,” सावियो उठत म्हणाला. “स्पेन आता जाणारच नाही ना.” डिसेंबर २०२५ मध्ये इस्रायलला स्पर्धेत ठेवायचं ठरलं तेव्हा स्पेनने व्हिएन्नाच्या २०२६ च्या युरोव्हिजनमधून अंग काढून घेतलं. आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया यांनीही. बेनिदोर्म फेस्ट मात्र चालू ठेवला. म्हणजे जिंकणाऱ्याने घरीच जिंकायचं.

प्राजक्ता तिथेच थांबली. “मग पंचांना निम्मे गुण कशाला? तुझं म्हणणं हेच ना नच्या, की युरोपात काय चालेल ते लोकांना कळत नाही, पंचांना कळतं. आता युरोपच नाही. मग उरलं काय?”

“गाणं उरलं,” काका म्हणाले.

“ते तर लोकांनाही कळतं की.”

“लोकांना कळतं म्हणूनच २००८ ला त्यांनी ते सोंग पाठवलं ना,” नच्या म्हणाला.

“सोळावा!” सावियो आणि प्राजक्ता एकदमच ओरडले, आणि उठलेला सावियो परत पायरीवर बसला.